गोधडीतल्या दोघी

पंचफुला गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं मांडवात जेवत होती. मागच्या पंगतीतून हसू फुटलं आणि वरण वाढणाऱ्या तिच्या लेकीचा, ममताचा, हात थांबला. ते हसू आता तिच्या ओळखीचं झालं होतं.

ज्याला सगळे हसत होते तो फोटो नेरच्या बसस्टँडवरचा होता. तापाने फणफणलेल्या मायला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. थंडी मरणाची, म्हणून ममतानेच तिला घरची गोधडी गुंडाळली, डोक्यावर बाबांची कानटोपी चढवली आणि बाकावर बसवून ती बसची चौकशी करायला गेली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. त्याच सुमारास परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या फॅशन शोमध्ये एक मॉडेल ठिगळांची गोधडी पांघरून, कानटोपी घालून चालली होती. कुणीतरी दोघींना शेजारीशेजारी चिकटवलं आणि वर लिहिलं, 'पॅरिसनं आमच्या काकूची कॉपी मारली.'

माय दवाखान्यातून परत आली नाही. फोटो मात्र फिरत राहिला.

ममताने तो फोटो टाकणाऱ्या पेजवाल्याला कळवलं, की ही माझी आई आहे, ती गेली. त्याने माफी मागून फोटो लगेच हटवलाही. पण तोवर तो उमरखेडपासून नागपूरपर्यंत पोचला होता. तिचा भाऊ संघदीप तावातावाने भांडायला निघाला, तर भांडायचं कुणाशी? जो तो म्हणे, मलाही कुणाकडून तरी आलाय. हसणाऱ्यांच्या मनात वाईट असंही काही नव्हतं. मॉडेलपेक्षा काकूच भारी दिसते, असंही कितीतरी जणांनी लिहिलं होतं.

बाबांना तो दिसू न देणं, एवढंच काय ते ममताच्या हातात उरलं होतं.

आज तिचे बाबा डोमाजी स्वतःच उठून त्या पंगतीकडे गेले. पाहुणे कशाला हसतात ते त्यांना बघायचं होतं. फोन बळीरामच्या हातात होता. तो सोयरिकीतला लांबचा, त्याने पंचफुलाला धड पाहिलंही नव्हतं. त्याने हौसेने फोन पुढे केला. ममता बादली तिथेच ठेवून धावली.

"बाबा, द्या तो इकडं. काई नाई त्याच्यात."

डोमाजींनी दिला नाही. हात लांब धरून ते बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे बळीरामला कळलं आणि तो पत्रावळीकडे बघू लागला.

डोमाजींनी काचेवर दोनदा बोट टेकवलं तसा बायकोचा चेहरा एकाएकी मोठा झाला. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, तर तो सरकून बाजूला गेला आणि तिथे दुसरीचा चेहरा आला. खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, सुकलेले ओठ. तिच्याकडेही ते तेवढाच वेळ बघत राहिले.

"हे कोन व्हय?"

"मॉडेल हाय, बाबा. परदेशातली."

"इलेबी ताप होता काय?"

ममताने फोनसाठी हात पुढे केला, पण डोमाजींची पकड सुटेना.

"हे तरी बरी झाली काय, माय?" त्यांनी लेकीला विचारलं.