स्प्राउट्सची निगा

ऑपरेशनमध्ये गाठ निघाली, पण बायकोचं अन्नावरचं मनच उडालं. डॉक्टरांनी हात टेकले. "मी परसात लावलेत ते ब्रसेल्स स्प्राउट्स, ते चिमुकले विलायती कोबी आले, तर खाईन," एवढंच ती म्हणाली. जन्मात कुंडीला पाणी न घातलेला नवरा चार महिने अळ्या वेचत वाफ्यात राबला.

"अहो, अजून एकही नाही?" अंथरुणातून क्षीण आवाज आला.

"झाडं कमरेएवढी झालीत गं. शेंड्याला कोबी धरला की झालं. पण खोडावर मेल्या सुपारीएवढ्या हिरव्या गाठी येतात. रोज सकाळी एकूण एक खुडून फेकतो. या घरात आता आणखी एकही गाठ नको मला."

बायको उशीला टेकून उठून बसली.



"उद्या त्या गाठी फेकू नका," ती म्हणाली. "लोण्यावर परता आणि मला वाढा."