हेमांगीचा मूळ ओठ

पट्टी सुटली तशी हेमांगीने आरसा हातात घेतला. भाजलेल्या जागी तिच्याच पेशींपासून वाढवलेला चेहरा नितळ होता, पण वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

"डॉक्टर, हा माझा चेहरा नाही!"

"तुमचाच आहे," डॉ. बर्वे गोंधळून म्हणाले. "पेशींना जो ठाऊक होता, तोच त्यांनी घडवला."

शेजारी उभी असलेली आई रडू लागली. "तू जन्मलीस ती अशीच, बाळा. तान्ही असतानाच ओठ शिवून घेतला. ओठावरचा व्रण मात्र तू लहानपणी पडलीस त्याचा म्हणून सांगत आले."

"पुन्हा शिवू या?" डॉक्टरांनी विचारलं.

हेमांगी हो म्हणणारच होती. पण आई त्या फटीवरून इतक्या ओळखीनं बोट फिरवत होती, की यात दुरुस्त काय करायचं, तेच तिला उमजेना.