डबा घेऊन तो निघाला

शेवटची ओळ वाचून नवऱ्याने पुस्तक मिटलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. स्वतःची आई गेली तेव्हाही या गृहस्थाने टिपूस गाळलं नव्हतं. बायको समोर शिंप्याकडून आलेल्या शर्टांच्या ढिगाऱ्यात बसून काजं करत होती.

वजनकाट्यावरच्या एका कारकुनाची ती कादंबरी. नोकरी, घर, पुन्हा नोकरी आणि एके दिवशी मरण. पन्नास वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. नवी आवृत्ती निघाली आणि पेपरवाल्यांना अचानक कंठ फुटला. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून नुकताच निवृत्त झालेला. दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या. पुस्तक हाती पडलं आणि तो रोज दुपारी बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागला. लग्न झाल्यापासून तिच्याशी सलग इतकं बोलण्याची ही त्याची पहिलीच वेळ. शब्द दुसऱ्याचे का असेनात.

तिला मनापासून आनंद झाला होता. कारकुनाच्या बायकोवर तर तिचा जीवच जडला. कारकून कधीतरी तिच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलेल आणि ते वाचताना आपला नवरा पुस्तकातून मान वर करून आपल्याकडे बघेल, एवढ्या आशेवर ती रोज सुई ओवून बसायची.

"फार मोठा लेखक," नवरा नाक पुसत म्हणाला. "काही म्हणता काही घडत नाही, पण माणूस हलून जातो."

"तो गेल्यावर तिचं काय झालं हो?"

"कोणाचं?"

"त्याच्या बायकोचं. रोज डबा द्यायची ना त्याला."

नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. पानं मागेपुढे केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "'डबा घेऊन तो निघाला.' एवढंच आहे. बायको कुठे आलीय यात? तुझं आपलं काहीतरीच!"

"मग डबा भरला कोणी?"

"अगं, कादंबरी आहे ती!" तो हसला. कुत्सितपणे नाही, लहान मुलीला समजावताना हसतात तसा.

तिने मांडीवरचा शर्ट उचलून बघितला. ऐकण्याच्या नादात तिने पुरुषाच्या शर्टाची काजं उजव्या पट्टीवर केली होती, बायकांच्या कपड्याला करतात तशी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टाका चुकला तर उसवता येतो. काज एकदा कापलं की कापलं. तिला रडू आलं. तिने शर्टाची घडी करून तो पाठीमागे सरकवला.

नवऱ्याचं लक्ष नव्हतं. कचेरीतल्या जुन्या मित्राला त्याने फोन लावला होता.

"आजच्या आज वाच," तो सांगत होता. "माझंच आयुष्य आहे रे. लेखकाने काही म्हणून सोडलेलं नाही."