टांकसाळीतली चूक

ताईने कापसातला तांब्याचा पैसा माझ्या टेबलावर ठेवला. “तुझ्या भावोजींनी जन्मभर जपला. जाताना म्हणाले, भावालाच दाखव. टांकसाळीतली चूकच ना?” भिंग उचलून नाण्यावर धरलं. राजाच्या मानेवर उलटी अक्षरं रुतलेली. टांकसाळ चुकते, पण अशी नाही. दोन नाणी एकमेकांवर ठेवून हातोडा हाणला की हे उमटतं. हातोडा माझाच होता. तरुणपणी भावोजींना हे नाणं दुर्मिळ म्हणून खपवलं होतं. चोराच्या मनात चांदणं; पुढे त्यांच्याकडे गेलो की ते “अजून अर्धा कप” म्हणायचे आणि मी चपला शोधायचो. भिंग पुसलं, दिवा सरकवला, पुन्हा भिंग पुसलं. “चूक नाही, ताई. घाव आहे. मी घातलेला.” तिने पैसा कापसात गुंडाळला. “त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आज तरी सांगशील म्हणून तर दर वेळी ‘अजून अर्धा कप’ म्हणायचे.”