पाहुण्याचं रडणं

बाबा गेल्यापासून घरात गाणं बंद होतं. वर्षभर बंदच राहील, असं आईनं टीव्हीवर चादर टाकतानाच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ती स्वतः एकदाही रडली नव्हती.

एका दुपारी दीपाली इअरफोन लावून एक अल्बम ऐकत होती. अमेरिकेतला कुठलासा बँड, तिकडेही त्याला फारसं कुणी विचारत नसावं. आईनं मागून येऊन एक इअरफोन ओढला आणि आपल्या कानात घातला. दीपाली घाबरली.

“कोन गेलं याचं?”

“बायको सोडून गेली वाटते, आई.”

“मंग हे गानं नाही, रडनं आहे. रडायला थोडीच बंदी आहे? मोठ्यानं लाव.”

तेव्हापासून बुधवारा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत रोज दुपारी तो घोगरा गळा रडू लागला आणि मेथी निवडता निवडता आईही. समोरच्या मालूबाईंनी दारातून विचारलं, “गानी लावली का वं?”

“नाही वं. पाहुना आला आहे. रडतो बिचारा.”

अल्बममधलं शेवटचं गाणं तेवढं नाचरं होतं. त्याच्या आधीच दीपाली मोबाइल बंद करायची. काल आईनं टोकलं, “रोज इथंच काऊन बंद करते?”

“पुढचं खरंच गाणं आहे, आई.”

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग उठून तिनं टीव्हीवरची चादर काढली, झटकली आणि तिची घडी घातली.

“लाव. किती दिवस रडवशील त्याला?”