पोचल्याचा मिसकॉल

सहा वाजून दहा मिनिटं झाली, तरी जीवन उभाच होता. निशिगंधाने वाचनालयाच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. खाली भाईंदर पश्चिमेच्या बसथांब्याजवळ, उसाच्या गाड्याला टेकून तो रस्त्याकडे डोळे लावून होता. तिने मोबाइल मुद्दाम बंद ठेवला होता. आज परीक्षा होती, त्याची. सहाला भेटायचं ठरलं होतं; तो किती वेळ वाट बघतो, ते तिला बघायचं होतं.

पेपर तिने गोष्टींमधून काढला होता. कॉलेजच्या तीन वर्षांत या वाचनालयातली एकूण एक जुनी प्रेमकथा तिने संपवली होती. त्यातले नायक काय वाट बघायचे, बाप रे! एक जण बर्फात तीन दिवस उभा. दुसरा तर म्हातारा झाला, पण झाडाखालून हलला नाही.

आणि हा जीवन? उत्तनच्या कोळ्याचा मुलगा. चपलेच्या पट्ट्याला कायम माशाचं एखादं चंदेरी खवलं चिकटलेलं. वर्ष झालं, पण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं एकदाही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. रोज निघताना एकच पालुपद, "घरी पोचलीस की मिसकॉल दे."

"हे काय बोलणं झालं?" ती एकदा भडकलीच होती. "काहीतरी छान बोल की!"

त्याने बराच विचार केला होता. "बरं. विसरू नको. नक्की दे."

भित्रा तर इतका! भाईंदर पूर्वेतल्या तिच्या बिल्डिंगचं नाव, मजला, सगळं त्याला पाठ होतं, पण गल्लीच्या तोंडाशीसुद्धा कधी फिरकायचा नाही. "तुझे बाबा मला बोंबलासारखं वाळत घालतील," म्हणायचा. ते काही खोटं नव्हतं. घरात कुणाला काहीच माहीत नव्हतं, आणि कळलं असतं तर तिचं कॉलेजच बंद झालं असतं.

सव्वासहा. त्याने फोन लावला. पुन्हा लावला. पुन्हा. उसवाल्याला काहीतरी विचारलं. थांब ना रे, ती पुटपुटली, अजून थोडा थांब. सहा वीसला उत्तनची बस लागली आणि जीवन पळत सुटला. तिने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा बसही नव्हती, तोही नव्हता.

वीस मिनिटं! फक्त वीस!

अर्धा तास ती पुस्तकांच्या कपाटाआड बसून रडली. मग तोंड धुऊन, पूल ओलांडून, चालत घरी निघाली. फोन बंदच होता. आता चालू करायचा तरी कुणासाठी?

तिसऱ्या मजल्यावर घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर एक चप्पल उलटी पडली होती, दुसरी जिन्याजवळ. पट्ट्यावर खवलं चमकत होतं.

ती उलटी चप्पल ओलांडून दारात आली.

आत आई फोन कानाला लावून रडत होती. बाबांनी एका पायात बूट चढवला होता, दुसरा पाय तसाच. चौकीत द्यायला म्हणून हातात तिचा पासपोर्ट फोटो. त्यांच्यासमोर घामाने निथळत जीवन सांगत होता, "न्हाय ओ काका, ती फोन कधीच बंद ठेवत न्हाय. कायतरी झालंय. मी तिथं नुसता उभा राहून काय करणार होतो?"

बाबांची नजर दाराकडे गेली. फोटो हातातून निसटला.

"निशू! फोन का बंद तुझा?" मग ते गर्रकन वळले. इतका वेळ समोर उभा असलेला पोरगा त्यांना जसा काही आत्ताच दिसला. "आणि हा कोण, ते सांगेल का कुणी मला?"

जीवनचं बाबांकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीला टेकला, छातीतला सगळा श्वास सोडला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "पोचलीस?"