सुनेची पाहुणी

स्कूटर पुन्हा आली. दगडी गडग्याबाहेर फणसाखाली उभी राहिली आणि तीच ती बाई उतरली. खांद्याला कापडी पिशवी, हेल्मेट काढून हातात धरलेलं. हरिश्चंद्र आंब्याच्या कलमांआड होता, तिथेच थांबला. बाई दारापुढच्या खळ्यातून सरळ पडवीत गेली आणि त्याच्या सुनेने, तेजस्वीने, दार उघडलंसुद्धा. जणू वाट पाहत दाराशीच बसली होती.

"बचत गटाच्या बाई आहेत, बाबा," सुनेने पहिल्या वेळी सांगितलं होतं. हरिश्चंद्राने मान हलवली होती, पण मनात गाठ बसली ती बसलीच. बचत गट देवळात भरतो. एकाच घरात, दार लोटून, तासतासभर कुजबुजायचं गटाला काय कारण?

तेव्हापासून घरातलं एकेक त्याला खटकू लागलं होतं. बागेतल्या मांगरात, त्या छोट्या खोपटात, फवारणीची औषधं असत. त्या मांगराला नवं कुलूप लागलं. फवारणीला अजून अवकाश होता, त्याला आपलं नुसतं आत जायचं होतं. किल्ली मागितली तर म्हणाली, "आरोही हल्ली कुठेही हात घालते." नात बिचारी त्या वासानेच लांब पळायची. मग त्याचा पुतण्या भागोजी स्वतःचं घर सोडून इथे ओटीवर झोपायला येऊ लागला. का, तर म्हणे त्याच्याकडे उकडतं! आणि हरिश्चंद्र कलमांत जरा एकटा बसला की आरोही धावत हजर. "आजोबा, आई बोलावते." जाऊन बघावं तर तेजस्वीचं काहीच काम नसायचं. नुसती तोंडाकडे पाहत राहायची.

त्याने आपलं मनगटी घड्याळ भागोजीला दिलं, तर तेही तिला बघवलं नाही. "का दिलंत?" पुन्हा पुन्हा विचारत राहिली. गाय शेजाऱ्यांना देऊन टाकली त्या दिवशी तर ती जेवलीच नाही. अरे, माझी गाय, माझं घड्याळ. मी कोणालाही देईन! हिचा काहीतरी बेत दिसतोय, त्याला वाटायचं. तरुण वयात नवरा गेलेला. बाग विकून मुंबई गाठायची असेल, नाहीतर दुसरं लग्न ठरवायचं असेल. ती पिशवीवाली मध्यस्थ असणार.

आज सकाळी मात्र हातखंब्याच्या तिठ्यावर चहावाल्याने भलतंच सांगितलं.

"ती स्कूटरवाली? सानिका ती. रत्नागिरीच्या कुठल्याशा संस्थेत आहे. जीव द्यायला निघालेल्यांना समजावतात म्हणे. तुमच्याकडे कशी काय, हरीभाऊ?"

हरिश्चंद्राने चहा तसाच ठेवला आणि घर गाठलं.

गौरवला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत त्याच्या एकुलत्या एका मुलाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं. हे पोलिसांना माहीत, भागोजीला माहीत, आणि घरातल्यांना. गावाला हरिश्चंद्राने सांगितलं, हार्ट अटॅक. बाराव्याला आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं, न अडखळता. घरातही पुन्हा विषय काढायचा नाही, असं सुनेला बजावलं. वर्षभर त्याने ती गोष्ट छातीशी दाबून धरली होती. आणि ही परक्या बाईला घरात बसवून सगळं सांगत होती!

हरिश्चंद्र कलमांआडून निघाला तो थेट पडवीत. लोटलेलं दार त्याने ढकललं. दोघी समोरासमोर बसल्या होत्या. पुढ्यातलं सरबत तसंच होतं.

"कोणी बोलावलं गो हिला?" तो सुनेवर ओरडला. मग बाईकडे वळला. "या घरात वेडं कोणी नाय. माझा मुलगा अटॅकने गेला. ऐकलंस? आता ऊठ."

सानिका उठली नाही. "काका, मी गौरवबद्दल विचारायला येत नाही."

"मग हिच्या डोक्यात काय भरवतेस? काय झालंय हिला?"

"ताईंना काही झालेलं नाही."

"मग येतेस कोणासाठी?"

सानिकाने तेजस्वीकडे पाहिलं. तेजस्वी उभी राहिली. सासऱ्यासमोर तिने कधी मान वर करून उत्तर दिलं नव्हतं. आज तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी बोलावलं, बाबा. ह्यांच्या वेळी मला काहीच कळलं नव्हतं. शेवटच्या खेपेला गावी आले तेव्हा किती निवांत होते. याला हे दे, त्याला ते दे. आणि मी खूश झाले. म्हटलं, चला, माणूस सावरला." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "आता तुम्ही तसंच करताय. मला भीती वाटते, बाबा."

सानिका उठून त्याच्या जवळ आली. तिने आवाज खाली आणला नाही की गोड केला नाही.

"काका, सरळ विचारते. जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

असं कोणी विचारतं होय? भरदुपारी, सुनेच्या देखत, असं उघडंवाघडं! हरिश्चंद्राच्या अंगाचा तिळपापड झाला. चालती हो म्हणून खेकसायला त्याने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला.